मंडी बाजारातली फ्रेंच लेकरं

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात गुरुपादअप्पा कोरे यांचं भांड्यांचं दुकान होतं. पण आणलेलं ताट खऱ्या काशाचं आहे की नुसती झिलई आहे, असा वाद निघाला की अप्पा स्वतः निकाल देत नसत. मान मागं वळवून म्हणत, "शांता, जरा बघ गं हे." मग आतल्या गादीवरून त्यांची बायको शांतादेवी उठायची. ताट डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलून धरायची, उजव्या हातानं टिचकी मारायची आणि आवाज पार विरेपर्यंत गप्प राहायची. त्यानंतर ती सांगेल ते पक्कं. तिच्या शब्दावर बाजारात कुणी दुसरं मत मागितलं नाही.

हा कान तिला बापानं दिला होता. उदगीरचे बसवेश्वरअप्पा काशाच्या ताटांचा व्यापार करत. शांतादेवीची शाळा चौथीत सुटली, पण बापाच्या दुकानात तिचं शिक्षण चालूच राहिलं. डोळे मिटून बसायचं, बापानं एकेक भांडं वाजवायचं आणि हिनं तांबं, पितळ, कासं ओळखायचं. लग्न होऊन अंबाजोगाईला आली तेव्हा ती नुसत्या आवाजावरून हंड्याची चीर सांगत असे.

गोष्ट सुरू झाली ब्याण्णव साली. त्या सुमारास स्टीलची लाटच आली होती. कुकर, मिक्सर, चकचकीत डबे यांची खोकी दर आठवड्याला दुकानात उतरत होती आणि घरोघरची तांब्यापितळेची भांडी मोडीत निघत होती. लोक घागरी, समया, बंब घेऊन यायचे आणि स्टीलचा संच घेऊन जायचे. जमलेली मोड पोत्यांत भरून लातूरच्या एका भट्टीकडे गाळायला जायची.

अशात धारूरकडच्या एका जुन्या जहागीरदार घराण्यानं गाव सोडलं. त्यांच्या घरची तीन पोती मोड अप्पांकडे आली. शांतादेवी ती पोती निवडत बसली होती. लोट्या आणि पानदानांच्या ढिगातून तिच्या हाताला दीड वीत उंचीची एक मूर्ती लागली. पाच-सहा वर्षांचा पोरगा दगडावर बसून पायात मोजा ओढत होता. मोजा टाचेपाशी अडकलेला. पोरानं जीभ दातांत धरलेली, कपाळाला आठी. दुसरा मोजा दगडावर तसाच पडलेला, आणि त्याची सुरकुतीन् सुरकुती धातूत उतरली होती.

अप्पांनी वाकून पाहिलं. "बाळकृष्ण दिसतुय."

"बाळकृष्ण मोजे घालतुय व्हय?"

अप्पा हसले. "मग टाक पोत्यात. दोन-अडीच किलो तरी भरंल."

शांतादेवीनं मूर्तीला टिचकी मारली. आवाज तांब्याच्या जवळचा, पण तांब्याचा नव्हे. काशासारखा लांबतही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला धातू ओळखता आला नाही. पण तिच्या मनाला वेगळीच गोष्ट लागून राहिली. ती म्हणाली, "हा देव न्हाई, राजा न्हाई, पुढारी न्हाई. कुणाचं तरी साधं पोरगं. याची मूर्ती कशाला केली असंल?"

"आता ते मला काय ठाव?"

"मग मला ठाव करून घ्यायचंय. हे गाळायचं न्हाई."

अप्पा धंद्याला कडक, पण बायकोच्या आवाजातला फरक त्यांना कळायचा. त्यांनी पुढचं पोतं ओढलं.

घरी आणल्यावर शांतादेवीनं सगळ्या भांड्यांना लावते तशी चिंच मूर्तीच्या डाव्या टाचेला लावली. टाच पिवळीधमक झाली आणि बाकी अंग होतं तसंच गडद तपकिरी राहिलं. ती दचकली. तो मळ नव्हता. तो रंग कुणीतरी मुद्दाम, मेहनतीनं चढवलेला होता. तिनं पुन्हा कधी कुठल्या मूर्तीला चिंच लावली नाही, आणि ती पिवळी टाच पाहुण्यांपासून कधी लपवलीही नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "ती माझी चूक हाय."

बैठकीखाली अक्षरं कोरलेली होती. शांतादेवीला इंग्रजी येत नव्हतं, पण कुकर-मिक्सरच्या खोक्यांवरची मोठी अक्षरं पाहून पाहून ती ओळखीची झाली होती. ती सगळी तिनं जशीच्या तशी कागदावर उतरवली आणि कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या सावित्रीबाईंकडे नेली. सावित्रीबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला.

"शांताबाई, शेवटची ही पाच अक्षरं म्हणजे पॅरिस. फ्रान्समधलं."

"आन् वरचं?"

"वरचं मलाही लागत नाही. इंग्रजी नाही ते, फ्रेंच आहे. थांबा, शब्दकोश बघते."

दोघी त्या दिवशी ग्रंथालय बंद होईपर्यंत बसल्या. एक शब्द 'ओतारी' असा निघाला, दुसरा 'ब्राँझ'. ब्राँझ म्हणजे खेळात तिसऱ्या नंबराला मिळतं ते पदक, एवढंच शांतादेवीला माहीत होतं. शब्दकोश बघून कळलं, की हा धातू काशाच्याच जातीचा, पण त्यात कथील कमी. मग सावित्रीबाईंनी औरंगाबादहून एक जाड सचित्र पुस्तक मागवून घेतलं आणि दर शनिवारी त्यातलं एकेक पान मराठीत समजावून सांगायला लागल्या. शंभर-सव्वाशे वर्षांमागं पॅरिसचे शिल्पकार अशी लेकरं घडवत. पाखरू धरलेली, पाणी भरणारी, भांडणारी, रुसलेली. ती घराघरांतल्या मेजांवर ठेवली जात. मग जहाजांतून ती जगभर गेली, त्यातली काही निजामाच्या मुलखातल्या अमीर-उमरावांच्या दिवाणखान्यांत आली, आणि दिवाणखाने मोडले तशी अडगळीत पडली.

शांतादेवीला तिचं उत्तर तिथंच मिळालं. पुस्तकात एका शिल्पकाराबद्दल लिहिलं होतं, की तो शेजारपाजारची पोरं समोर बसवून मूर्ती घडवायचा. ती सावित्रीबाईंना म्हणाली, "म्हंजी पोर नुसतं पोर असलं तरी ते मूर्ती करण्याजोगं असतंय, असं वाटलं त्यांना. लई मोठी गोष्ट हाय की ही."

त्यानंतर तिनं शोधच सुरू केला. मोड घेऊन येणाऱ्या फेरीवाल्यांना तिनं सांगून ठेवलं, "लेकराची मूर्ती दिसली तर आधी मला दावा." परंड्याहून एक मुलगी आली, खांद्यावर घागर घेतलेली. गेवराईकडून दोन पोरं आली, एकाच पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली. जिथं मूर्ती दिसे तिथं शांतादेवी स्वतः जाई. घरच्या माणसांना ती काय वस्तू आहे ते आधी सांगे, मगच मागे. काहींनी ते ऐकून मूर्ती ठेवून घेतली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. "गळणार तर न्हाई आता," एवढंच ती म्हणायची.

एकदा ती फसलीसुद्धा. हैदराबादेत चारमिनारजवळच्या गल्लीत एका दुकानदारानं तिला फुलं विकणारी पोरगी दाखवली. गाड्यांचा कलकलाट इतका, की टिचकीचा आवाज कानात शिरेना. तिनं घाई केली. घरी येऊन वाजवलं तर मातीच्या गाडग्यासारखा आवाज. तळाशी कानस फिरवली, तर आत पांढुरकं जस्त. अप्पा म्हणाले, "शेवटी तुलाबी फसवणारा भेटला म्हणायचा." शांतादेवीनं फुलवाली दोन दिवस भिंतीकडं तोंड करून ठेवली. तिसऱ्या दिवशी सावित्रीबाईंनी पुस्तकात शोधून सांगितलं, की मूर्ती फ्रान्सचीच आहे, फक्त ब्राँझ ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी तिथले कारखाने जस्तात ओतत आणि वर रंग देत. शांतादेवीचा चेहरा उजळला. "मंग ही आपल्यासारख्यांच्या घरची," म्हणाली आणि फुलवालीला तिनं इतरांच्या रांगेत मधोमध बसवलं.

पंचाण्णव साली तलवाड्याहून निरोप आला. तिथल्या एका मोठ्या शेतकरी घरात तुळजाबाई नावाची म्हातारी होती. तिच्या घरचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून जी मूर्ती लावायचे, ती एका मुलीची होती. मुलीनं झग्याचा पुढचा घोळ ओंजळीसारखा धरलेला आणि त्यात पाखरांचं घरटं, घरट्यात चोची उघडलेली चार पिल्लं. शांतादेवी उंबऱ्यातच बसली आणि तास-दीड तास तिच्याकडे पाहत राहिली.

तुळजाबाई म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवा ही हितंच होती. आमी हिला गंगी म्हनतो. पोरगा म्हनतुय मोडीत घालू. तू ने. पर बदल्यात मला काय नगं. एकच सांगते, हिला गाळू नगंस."

"माझा शब्द हाय, आई."

तो शब्द वर्षभरातच धोक्यात आला. शहाण्णवच्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता. मूर्तींवर चुना उडू नये म्हणून शांतादेवीनं त्या कापडात गुंडाळून, तीन-तीन करून गोण्यांत घातल्या आणि मागच्या खोलीत ठेवल्या. रंगारी आल्यावर ती खोली रिकामी करायची म्हणून अप्पांनी सगळ्या गोण्या ओसरीवर आणल्या. ओसरीवर मोडीची पोतीही होती. सकाळी लातूरचा टेम्पो आला आणि भरून गेला.

शांतादेवी पूजा आटोपून बाहेर आली. गोण्या मोजल्या, एक कमी. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "शांता, माझ्या हातून..."

"बोलायला वेळ न्हाई," ती म्हणाली. पायात चपला घातल्या आणि थेट बसस्टँड गाठलं. लातूरची गाडी निघतच होती.

भट्टीच्या आवारात ती पोचली तेव्हा पोती फुटून ढीग झाले होते. त्रिंबक नावाचा मिस्त्री घण घेऊन भांडी चेपत होता, कारण चेपलेलं भांडं मुशीत नीट बसतं. शांतादेवीला लांबूनच तुळजाबाईची गंगी दिसली. ढिगावर आडवी पडलेली, आणि खांद्यापासून तुटलेला उजवा हात बाजूला.

"थांबा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली.

त्रिंबकनं घण खाली टेकवला. "बाई, हितं आलेला माल परत जात न्हाई."

"हा माल न्हाई. ही माझी लेकरं हायत. चुकून आलीत. आणखी दोन असतील, ती काढू द्या मला."

ती वाट न बघता ढिगाशी बसली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली. पत्र्यानं तिचा तळवा कापला. ते बघून त्रिंबक स्वतः खाली बसला. दोघांनी मिळून उरलेल्या दोन मूर्ती काढल्या, त्या धड होत्या. मग त्रिंबकनं गंगीचा तुटका हात उचलला आणि मोडलेल्या जागेत डोळा घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कुणी केलंय? हा हात तुटला न्हाई, सांध्यात सुटलाय. बघा, आतून खिळी मारलीय. बाहेरनं सांधा दिसतच न्हाई. ही एका ओतात केलेली न्हाई, पाच-सा तुकडे वाळूच्या साच्यात येगळे ओतलेत, आन् मंग जोडून छिन्नीनं रेघ मारून टाकलीय. मी तीस वर्सं ओततोय, मला असला सांधा जमायचा न्हाई."

शांतादेवीनं कापलेल्या तळव्याला पदर गुंडाळला. "मला शिकवा की हे. कुठं बघायचं, कसं बघायचं."

त्या दुपारी भट्टीच्या सावलीत बसून त्रिंबकनं तिला ओतकामाची बाराखडी शिकवली. साच्याची शिवण कुठं राहते, छिन्नीचा घाव आणि ओताची रेघ यांत फरक काय, मूर्तीवरून साचा काढून दुसरी मूर्ती ओतली तर धातू गार होताना आकसतो आणि नक्कल अस्सलापेक्षा बारकी होते, केसांच्या रेघा बोथट होतात. शांतादेवीनं ते सगळं ध्यानात ठेवलं. हात लगेच जोडून द्यायला त्रिंबक तयार होता, पण ती म्हणाली, "आधी जिची पोर हाय तिला सांगून येते."

दुसऱ्या दिवशी ती तलवाड्याला गेली. अप्पा बरोबर यायला निघाले होते, त्यांना तिनं थांबवलं. शब्द तिनं दिला होता. तुळजाबाईच्या पुढ्यात तिनं कापड उलगडलं, मूर्ती ठेवली, हात ठेवला. "आई, गळली न्हाई. पर मी सांभाळायला कमी पडले."

तुळजाबाईनं मूर्ती मांडीवर घेतली आणि खांद्याच्या भोकात बोट घातलं. मग आश्चर्यानं बघायला लागली. "अगं, ही तर पोकळ हाय!"

"व्हय, आई."

"पन्नास वर्सं मी समजते, आख्खी भरीव हाय! नवी नवरी होते तवा सासू म्हनायची, गंगी उचलून दार लाव. मी कंबरंत वाकून, जीव खाऊन उचलायची." म्हातारी खदखदून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "ने गं बाई. हात जोड तिचा. आन् ज्या बाईनं भट्टीतून माघारी आनली तिच्याशिवाय कुणाकडं ठिवू मी?"

त्रिंबकनं हात जोडला. सांध्याची बारीक रेघ राहिली. ती त्यानं मुद्दाम राहू दिली, शांतादेवीनंच तसं सांगितलं होतं.

दोन हजार साली मूर्ती सतरा झाल्या. सावित्रीबाईंच्या आग्रहानं कॉलेजच्या सभागृहात तीन दिवस त्या मांडल्या. प्रत्येक मूर्तीपुढं चिठ्ठी होती. कुठून आली, कुणी दिली, कशाची आहे. फुलवालीपुढं स्वच्छ लिहिलं होतं, 'जस्त.' मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आले, चौसाळ्याहून दोन जीपा भरून माणसं आली, शाळाच्या शाळा आल्या. शांतादेवी तीनही दिवस उभी राहून बोलत होती. घशाला कोरड पडली तरी थांबत नव्हती. एका मास्तरांनी विचारलं, "बाई, आपल्या देशातल्या इतक्या मूर्ती असताना या परदेशी पोरांचं काय एवढं?"

"गुरुजी, त्या पोराकडं बघा," ती म्हणाली. "मोजा चढंना म्हणून जीभ दातांत धरलीय. तुमचं पोरगं चप्पल घालताना काय करतंय?"

मास्तरांनी पाहिलं. मग रांगेत पुन्हा उभे राहून दुसऱ्यांदा बघून गेले.

त्या प्रदर्शनाची बातमी पेपरात आली आणि ती वाचून हैदराबादेतल्या एका खासगी संग्रहालयाचे व्यवस्थापक दुकानात आले. त्यांच्या गोदामात अशाच एकोणचाळीस मूर्ती होत्या, जुन्या नोंदवहीत सरसकट 'फ्रेंच ब्राँझ' म्हणून लिहिलेल्या. त्या तपासायच्या होत्या. "आमच्याकडं पुस्तकं वाचलेली माणसं आहेत," ते म्हणाले, "पण तुमच्यासारखं धातू ऐकणारं कुणी नाही. याल का?"

शांतादेवीनं अप्पांकडं पाहिलं. अप्पा म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? तुला बोलावलंय. मी पिशवी धरायला येतो."

गोदामात लांब टेबलावर मूर्ती मांडलेल्या होत्या. शांतादेवीनं आधी पंखे बंद करायला लावले, खिडक्या लावून घेतल्या. मग एकेक मूर्ती उचलून वाजवली, तळ पाहिला, सांधे पाहिले. कुणी बोललं की ती हात वर करायची आणि सगळे गप्प व्हायचे. पाच मूर्ती जस्ताच्या निघाल्या. मग ती दोन सारख्या मूर्तींपाशी थांबली. दोन्हींत तोच मुलगा बेडूक पकडत होता. नोंदवहीत त्या जोडी म्हणून लिहिल्या होत्या. आवाजात दोन्ही ब्राँझ. तिनं दोन्ही शेजारी उभ्या केल्या, लुगड्याच्या पदराचा काठ दोन्हींच्या डोक्यांवर ताणून धरला. एका बाजूला काठ खाली उतरला.

"ही जोडी न्हाई," ती म्हणाली. "ह्या मूर्तीवरून साचा काढून ही दुसरी ओतलीय. धातू आकसतो, म्हणून अर्ध्या बोटानं बुटकी. आन् बेडकाच्या बोटांमधलं कातडं बघा. हिच्यात कोरलंय, हिच्यात नुसता गोळा झालाय."

व्यवस्थापकांनी भिंग आणलं, पट्टी आणली, मोजलं. मग त्यांनी नोंदवही उघडली, जुनी ओळ खोडली आणि म्हणाले, "सांगा बाई, तुम्ही सांगाल तसं लिहितो."

सगळ्या एकोणचाळीस व्हायला दोन दिवस लागले. पुढच्या वर्षी संग्रहालयानं मूर्तींची छापील यादी काढली. तिच्या पहिल्या पानावर तपासणारीचं नाव होतं, शांतादेवी गुरुपाद कोरे, अंबाजोगाई. पोस्टानं दोन प्रती आल्या. एक शांतादेवीनं सावित्रीबाईंना दिली. दुसरी अप्पांनी काखेत मारली आणि दुकान उघडं टाकून मंडी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सराफापासून पानवाल्यापर्यंत, प्रत्येकाला ते पान उघडून दाखवत हिंडले. दुपारी जेवायलासुद्धा घरी आले नाहीत.